नाव सांगेल तीच नाव दिसेल

कोकणात आणि गोव्यात अशी घरे पुष्कळ आहेत, ज्यांतला एखादा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला असतो. पूर्वी त्याची खुशाली कळायची ती पत्राने, आणि पत्र यायचे ते जहाज एखाद्या बंदराला लागले तर. आता सकाळचा चहा झाला की आई मोबाइल उघडून सुनेपुढे धरते. समुद्राच्या निळ्या नकाशावर रंगीबेरंगी बाण असतात. त्यांतल्या एकावर बोट टेकवले की मुलाच्या जहाजाचे नाव उमटते. ते कुठे निघाले आहे, किती वेगाने चालले आहे, तेही दिसते. “एडन मागं टाकलं बघ त्यांनी,” असे म्हणून ती निर्धास्तपणे कामाला लागते.

आणि एके दिवशी तो बाण दिसेनासा होतो.

घरात कोणाला जेवण गोड लागत नाही. देवापुढे दिवा लागतो. अखेर दुपारी शेजारचे, बोटीवरून निवृत्त झालेले गृहस्थ येतात, चष्मा चढवून मोबाइल बघतात आणि हसून म्हणतात, “वहिनी, जहाजाला काही झालेलं नाही. ते किनाऱ्यापासून लांब गेलंय, एवढंच. त्याची हाक आता किनाऱ्यावर ऐकू येत नाही.”

त्या अनुभवी माणसाने वापरलेला ‘हाक’ हा शब्द अगदी नेमका आहे. आकाशातून जहाजांचा माग ठेवतात असे म्हटले, की डोळ्यांपुढे येतो तो वरून टक लावून पाहणारा उपग्रह. प्रत्यक्षात या कामातला उपग्रह बहुतेक वेळा पाहत नसतो, तो ऐकत असतो. जहाज स्वतः आपले नाव पुकारते, म्हणून ते सापडते. जे जहाज पुकारत नाही त्याचे काय होते, हे मुंबईच्या जुहू किनाऱ्याने २०११ साली पाहिले.

जुहूला आलेला बिनबोलावलेला पाहुणा

३१ जुलै २०११ हा रविवार होता. भर पावसाळ्यातल्या त्या दिवशी जुहूच्या किनाऱ्यावर ‘पवित’ नावाचे सुमारे एक हजार टनांचे जहाज येऊन वाळूत रुतले. त्यावर एकही माणूस नव्हता. महिनाभरापूर्वी ओमानच्या किनाऱ्याजवळ ते संकटात सापडले होते. खलाशांची सुटका झाली आणि जहाज तिथेच सोडून देण्यात आले. ते बुडाले असेल, असे सगळ्यांनी धरून चालले. पण ते बुडाले नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे आणि समुद्राचे प्रवाह त्याला ढकलत राहिले, आणि अख्खा अरबी समुद्र ओलांडून ते मुंबईच्या दाराशी आले. वाटेत बॉम्बे हायच्या तेलविहिरी आहेत, तटरक्षक दलाची गस्त आहे, नौदलाचा तळ आहे, सागरी पोलिसांच्या बोटी आहेत. जहाज वाळूला लागेपर्यंत ते कोणाच्याही ध्यानात आले नाही.

ही गोष्ट एरवी गमतीची ठरली असती. पण तेव्हा नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला तीन वर्षेही झाली नव्हती. दहा अतिरेकी ‘कुबेर’ नावाचा गुजरातचा मच्छीमार ट्रॉलर बळकावून, त्यावरच्या माणसांना ठार मारून मुंबईपर्यंत आले होते. तेव्हापासून सागरी पहाऱ्यावर मोठा खर्च झाला होता. म्हणून प्रश्न उभा राहिला, की हजार टनांचे धूड कोणाच्या नजरेत न येता चौपाटीवर येऊ शकते, तर एखाद्या लहान होडीचे काय?

तो पावसाळाच विलक्षण होता. त्याआधी ११ जूनला कोलंबोहून अलंगला मोडीत काढण्यासाठी ओढून नेले जात असलेले ‘विस्डम’ हे जहाज दोर तुटून जुहूलाच लागले होते. ‘पवित’नंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, कोळसा घेऊन चाललेले ‘आरएके कॅरियर’ मुंबईजवळ बुडाले.

या सगळ्यात एक योगायोग फारसा कोणी लक्षात घेतला नाही. त्याच वर्षी २० एप्रिलला भारताने ‘रिसोर्ससॅट-२’ हा उपग्रह श्रीहरिकोटाहून सोडला होता. शेती, जंगले, पाणी यांची छायाचित्रे घेणे हे त्याचे मुख्य काम. पण त्याच्यावर कॅनडातल्या ‘कॉमडेव्ह’ या कंपनीचे एक लहानसे यंत्रही प्रयोगादाखल बसवले होते. समुद्रावरच्या जहाजांच्या हाका ऐकण्यासाठीच ते होते. म्हणजे ‘पवित’ वाहत येत होते तेव्हा आपल्या उपग्रहावर असा एक कान बसवलेला होता. पण जहाजावर माणूस नाही, यंत्रे थंडावलेली. मुक्या जहाजापुढे कान काय करणार?

पाणवठ्यावरची पाळी

जहाजांच्या या हाकेला ‘एआयएस’, म्हणजे स्वयंचलित ओळख यंत्रणा असे म्हणतात. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळून समुद्रात प्रचंड तेल सांडले. त्यानंतर त्या भागातल्या तेलवाहू जहाजांनी आपला ठावठिकाणा आपोआप कळवत राहावे, अशी सक्ती अमेरिकेने केली. पुढे ही कल्पना सुधारत जगभर गेली. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरील सर्व जहाजांवर आणि उतारू वाहून नेणाऱ्या सर्व जहाजांवर २००४ अखेरपर्यंत ती बंधनकारक झाली.

हे यंत्र आकाराने मोटारीतल्या टेपरेकॉर्डरपेक्षा फारसे मोठे नसते. एका बाजूने ते जीपीएसकडून जहाजाची जागा समजून घेते आणि दुसऱ्या बाजूने व्हीएचएफ लहरींवर ती जाहीर करते. जहाज चालू असेल तर वेगानुसार दर दोन ते दहा सेकंदांनी, नांगरून उभे असेल तर दर तीन मिनिटांनी. सोबत नऊ आकडी ओळखक्रमांक जातो. भारतीय जहाजांचा हा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. जहाजाचे नाव, प्रकार, लांबी-रुंदी आणि पुढचे बंदर ही माहिती दर सहा मिनिटांनी जाते. त्यातले बंदराचे नाव अधिकाऱ्याने हाताने भरायचे असते, त्यामुळे कित्येकदा जहाज दुसऱ्याच देशाला लागले तरी मागच्या बंदराचे नाव तसेच झळकत राहते.

आता एकाच वेळी शेकडो जहाजे बोलू लागली तर गोंधळ होणार नाही का? त्यावर काढलेली तोड सुरेख आहे. दर मिनिटाचे २,२५० तुकडे पाडलेले असतात. एका तुकड्यात एकाच जहाजाने बोलायचे. अशा दोन वाहिन्या असतात. कोण कधी बोलणार हे ठरवायला कोणी मुकादम नसतो. प्रत्येक यंत्र आजूबाजूच्यांचे ऐकते, मोकळा तुकडा हेरते आणि पुढची पाळी आपली असे जाहीर करते. गावच्या विहिरीवर बायका न भांडता आपापल्या पाळीने पाणी भरतात, तसाच हा प्रकार.

मात्र व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी आहे गोल. त्यामुळे एका जहाजाची हाक दुसऱ्याला सुमारे वीस सागरी मैलांपर्यंत पोचते. डोंगरावरच्या किंवा दीपगृहावरच्या उंच मनोऱ्याला ती चाळीस मैलांपर्यंत, कधी त्याहून थोडी दूरवरून ऐकू येते. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यापलीकडे जहाज किनाऱ्यापुरते अदृश्य होते. त्या आईच्या मोबाइलवरचा बाण नाहीसा झाला तो याच कारणाने, कारण फुकट पाहायला मिणारे नकाशे बहुतांशी किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांवर चालतात. भर समुद्रातली हाक ऐकायची तर वर जावे लागते.

लाडवाच्या डब्याएवढा उपग्रह

सरळ वर जाणाऱ्या लहरीला पृथ्वीच्या गोलाईचा अडथळा नसतो. म्हणून पाच-सहाशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहालाही ती ऐकू यावी, असे शास्त्रज्ञांनी गणिताने ताडले. ते खरे ठरवण्यात भारताचा हातभार आहे आणि तो आवर्जून सांगण्यासारखा आहे.

२८ एप्रिल २००८ रोजी ‘पीएसएलव्ही-सी ९’ या अग्निबाणाने श्रीहरिकोटाहून एकाच उड्डाणात दहा उपग्रह सोडले. त्या बातमीने तेव्हा देशभर कौतुक झाले. त्या दहांत कॅनडाचा एक चिमुकला उपग्रह होता. जहाजांच्या हाका अंतराळातून ऐकता येतात की नाही, एवढेच त्याला पाहायचे होते. त्याला त्या ऐकू आल्या. पुढे १२ जुलै २०१० रोजी ‘पीएसएलव्ही-सी १५’ बरोबर नॉर्वेचा ‘एआयएससॅट-१’ गेला. प्रत्येक बाजू वीस सेंटिमीटर, वजन सहा किलोंच्या आसपास, म्हणजे घरातल्या लाडवांच्या डब्याएवढा. उत्तर ध्रुवाकडच्या निर्जन समुद्रातली मासेमारी आणि जहाजांची ये-जा यांवर लक्ष ठेवायला नॉर्वेने त्याचा उपयोग केला.

पण उंचावर गेल्यावर एक नवीच अडचण उभी राहिली. त्या उंचीवरून उपग्रहाला सुमारे पाच हजार किलोमीटर रुंदीचा प्रदेश एकदम ऐकू येतो. आता पुन्हा त्या विहिरीकडे वळू. एका गावात पाळी ठरलेली आहे, शेजारच्या गावातही आहे. पण या गावची पाळी त्या गावाला ठाऊक नसते, आणि असण्याचे कारणही नसते. उपग्रहाला मात्र शेकडो गावांच्या विहिरींवरचा गलबला एकाच क्षणी कानावर येतो. एकाच तुकड्यात दहा जहाजे बोलली की दहाही शब्द एकमेकांत मिसळतात. मोकळ्या महासागरात हे चालून जाते. दक्षिण चीनचा समुद्र किंवा युरोपचे किनारे अशा गर्दीच्या पाण्यावर मात्र सुरुवातीच्या उपग्रहांचे कान बधिर व्हायचे.

त्यावर उपाय निघाले. एकाऐवजी अनेक उपग्रह आले, मिसळलेले संदेश सोडवून वेगळे करणारी गणिते बसवली गेली. तरीही एक गोष्ट कायम आहे. उपग्रह डोक्यावरून जातो आणि पुढे निघून जातो, नंतर दुसरा येईपर्यंत खंड पडतो. म्हणून किनाऱ्यालगतच्या गजबजलेल्या पाण्यात भिस्त ठेवायची ती जमिनीवरच्या मनोऱ्यांवर, आणि उपग्रहाने सांभाळायचे ते दूरचे पाणी, अशी कामाची वाटणी झाली.

आपल्याकडेही तसेच झाले. देशाच्या किनाऱ्यावरील ७४ दीपगृहांवर हाका टिपणारी यंत्रे बसवून त्यांची साखळी २०१२ साली सुरू झाली. पूर्वी जी दीपगृहे फक्त प्रकाश दाखवत, ती आता ऐकूही लागली. या नोंदी, किनाऱ्यावरील रडारची माहिती आणि इतर ठिकाणची खबर एकत्र यावी म्हणून नौदल व तटरक्षक दलाचे केंद्र गुरुग्रामला उभे राहिले. २३ नोव्हेंबर २०१४ रोजी त्याचे उद्घाटन तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी केले. समुद्रकाठच्या गोव्याचा माणूस समुद्राच्या पहाऱ्याचे केंद्र उघडायला गेला तो हरियाणात! अर्थात नकाशावरचे ठिपके पाहायला समुद्राकाठी बसावेच लागते असे नाही. २०१८ च्या डिसेंबरात तिथेच हिंदी महासागरातल्या मित्रदेशांशी माहितीची देवाणघेवाण करणारे केंद्रही सुरू झाले.

दिसले म्हणून टळले नाही

इतकी यंत्रे असली म्हणजे अपघात होणार नाहीत, अशी समजूत होणे साहजिक आहे. ७ ऑगस्ट २०१० च्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ हे बाहेर पडणारे आणि ‘खलिजिया-३’ हे आत येणारे जहाज एकमेकांवर आदळले. दोन्ही मोठी जहाजे होती, बंदराच्या नजरेच्या टप्प्यात होती. तरीही धडक झाली. ‘चित्रा’ कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडून तरंगत सुटले, सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. अलिबागपासून उरणपर्यंत तवंग पसरला. कोळणींच्या टोपल्यांकडे गिऱ्हाईक फिरकेना. पडद्यावर ठिपका दिसणे वेगळे आणि तो पाहून वेळेवर दोन माणसांचे बोलणे होणे वेगळे, हे त्या सकाळी कळले.

दुसरा धोका खोटेपणाचा. हाक मारणाऱ्याने स्वतःविषयी सांगितलेले खरे मानायचे, हा या यंत्रणेचा पाया. पण यंत्राचा खटका बंद करता येतो. चोरटा माल किंवा बंदी असलेले तेल नेणारी जहाजे नेमक्या ठिकाणी गप्प होतात आणि काम उरकल्यावर पुन्हा बोलू लागतात. कोणी दुसऱ्याचा क्रमांक लावून फिरतो. कधी जहाज प्रामाणिक असते, पण त्याला मिळणारी जीपीएसची खूणच कोणी बिघडवलेली असते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसहून अधिक जहाजांच्या बाबतीत असे घडले. पाण्यात उभ्या असलेल्या एका जहाजाच्या कप्तानाला त्याचे यंत्र सांगत होते, की तुम्ही रशियातल्या गेलेंजिक विमानतळावर आहात!

म्हणून कानाच्या जोडीला डोळाही लागतो. रडार उपग्रहाला रात्र, ढग, पाऊस यांची अडचण नसते. काळ्या पाण्यावर लोखंडी जहाज त्याला चमकत्या दाण्यासारखे दिसते. ‘पवित’च्या घटनेनंतर वर्षभरात, २६ एप्रिल २०१२ रोजी, भारताने आपला ‘रिसॅट-१’ हा रडार उपग्रह सोडला. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच मालिकेतला ‘ईओएस-०४’ गेला. रडारला दिसलेले दाणे आणि एआयएसने ऐकलेली नावे एकमेकांवर ठेवून पाहायची. ज्या दाण्याला नाव नाही, तिकडे विमान किंवा बोट धाडायची. अशीच जुळवणी साऱ्या जगासाठी करून ‘ग्लोबल फिशिंग वॉच’ या संस्थेच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. मोठ्या, औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जहाजे लोकांना पाहता येणाऱ्या कोणत्याच नकाशावर नसतात.

लहान बोटीची मोठी गोष्ट

पण नाव न सांगणारा प्रत्येक जण चोर नसतो. बहुतेकांकडे सांगायचे साधनच नसते. आपल्या देशात २० मीटरहून लांब मच्छीमार बोटींना एआयएस सक्तीचे झाले, पण आपल्या बहुतेक बोटी त्याहून लहान. शिवाय लाकडी किंवा फायबरची लहान बोट रडारवर धड दिसत नाही. उसळत्या समुद्रात मोठ्या जहाजावरच्या पहारेकऱ्यालाही ती दिसतेच असे नाही. ११ जून २०१७ रोजी पहाटे कोचीजवळ ‘अंबर एल’ या मालवाहू जहाजाने नांगरून उभ्या असलेल्या मच्छीमार बोटीला धडक दिली आणि दिवसभराच्या कष्टाने दमून झोपलेल्या मच्छीमारांचे प्राण गेले.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आले. कन्याकुमारीजवळ ते इतक्या झपाट्याने वाढले, की सूचना निघेपर्यंत केरळ आणि तामिळनाडूच्या बोटी केव्हाच खोल समुद्रात गेल्या होत्या. त्यांतल्या कित्येक जणांचे वेळापत्रक आठवड्यांचे असते. मोबाइलची लहर किनाऱ्यापासून थोड्याच मैलांवर संपते. वादळ येत आहे हे त्यांना कोण सांगणार, आणि ते कुठे आहेत हे किनाऱ्याला कोण सांगणार? दोनशेहून अधिक मच्छीमार परत आले नाहीत.

त्या काळ्या दिवसांत एक सुखद बातमी आली ती सिंधुदुर्गातून. वादळाने भरकटलेल्या ६८ बोटी आणि त्यांवरचे ९५२ मच्छीमार देवगडच्या बंदरात सुखरूप लागले होते. त्यांची भाषा देवगडकरांना कळत नव्हती, पण दर्यावरून वाचून आलेल्या माणसाला आधी काय लागते हे कोकणात कोणाला शिकवावे लागत नाही. मात्र ज्या वेळी ही माणसे देवगडच्या धक्क्यावर पाय टेकत होती, त्या वेळी तिकडे शेकडो कोस दूर त्यांच्या बायका-मुलांनी समुद्राकडे डोळे लावले होते. माणूस जिवंत आहे, पण घराला ते ठाऊक नाही. बोटीवर एक लहानसे यंत्र असते तर त्या घरांवरचे ते दिवस तरी टळले असते.

इस्रोने २०१० पासून मच्छीमारांना संकटाची सूचना देणारे यंत्र दिले होते. बटण दाबले की उपग्रहामार्फत बचाव केंद्राला खबर जायची. पण बुडणाऱ्या बोटीवरच्या माणसाला आपली हाक पोचली की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. नव्या पिढीच्या यंत्रात ती सोय झाली, आता ‘निरोप मिळाला’ असे उत्तर परत येते. हे उत्तर म्हणजे केवळ चार अक्षरे नव्हेत, अंधारात लाकडाची फळी धरून राहण्याचे बळ त्यात असते.

त्यापुढचे पाऊल महाराष्ट्रातच पडले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी एक लाख मच्छीमार बोटींवर दुतर्फा संदेश देणारी यंत्रे बसवण्याची देशव्यापी योजना सुरू केली. ही यंत्रे बोटमालकाला मोफत द्यायची आहेत. त्यांचा संदेश भारताच्याच उपग्रहामार्फत जातो, मोबाइलची लहर लागत नाही. बोट कुठे आहे हे किनाऱ्याला कळते, वादळाची सूचना बोटीवर तिच्या तांडेलाच्या भाषेत येते, आणि बोट परक्या देशाच्या हद्दीजवळ गेली तर यंत्र सावध करते.

ही शेवटची गोष्ट पालघर जिल्ह्याइतकी कोणाला कळणार? डहाणू, तलासरीकडचे आदिवासी तरुण दरसाल गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रावर कुंपण नसते. माशांमागे जाता जाता बोट हद्द ओलांडते, आणि मग कराचीच्या तुरुंगात वर्षे जातात. पाड्यावर मागे राहिलेल्या बाईला नवरा कधी सुटेल हे कोणी सांगू शकत नाही. काहींची परत आली ती फक्त शवपेटी.

तांडेलाच्या मनातली अढी

एवढा फायदा असून बोटीवरचे यंत्र कित्येकदा बंद का असते? त्याला सरसकट अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

पहिली भीती जागेची. मासळी कुठे लागते हे ज्ञान तांडेलाने बापाकडून घेतलेले असते, तीच त्याची पुंजी. एआयएसची हाक उघड असते, ती कोणीही ऐकू शकतो. आज चांगली मासळी लागलेल्या जागेवर उद्या दहा बोटी जमल्या तर त्याने काय करायचे? नव्या यंत्राचा संदेश सरकारी केंद्राकडे जातो, शेजारच्या बोटीकडे नाही. हा फरक धक्क्यावर जाऊन, बसून समजावून सांगायला हवा.

दुसरी भीती दंडाची. पावसाळी बंदी मोडली, किनाऱ्यालगतच्या राखीव पाण्यात ट्रॉलर घातला, तर हेच यंत्र साक्षीला उभे राहणार. नियम पाळणाऱ्या लहान मच्छीमाराच्या दृष्टीने ते बरेच आहे, कारण मोठ्या बोटींनी त्याचे पाणी ओरबाडले तर नोंद राहील. पण नजर फक्त गरिबावर आणि डोळेझाक मोठ्यावर, असा अनुभव आला तर लहानाचे यंत्रही बंद होणार, हे उघड आहे.

तिसरी अडचण रोजच्या व्यवहाराची. खारे पाणी तारा खाते, बॅटरी उतरते, दुरुस्ती करणारा तालुक्याला असतो. यंत्राने हवामान सांगावे, हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राकडून येणारा मासळीचा अंदाज द्यावा, फुकट जाणारे डिझेल वाचवावे. असे काही रोज हाती लागले तर तांडेल ते स्वतःहून जपेल. नुसता पहारा करणारे यंत्र कोणी जपत नाही.

पहारा करणाऱ्यांनीही एक गोष्ट विसरू नये. नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री कफ परेडच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अनोळखी तरुणांना प्रथम पाहिले, हटकले ते मच्छीमार वस्तीतल्या माणसांनीच. तिथे उपग्रह नव्हता, रडार नव्हते. समुद्राची खरी राखण त्याच्यावर पोट असणारा माणूस करतो. त्याला संशयित मानून त्याच्या बोटीवर यंत्र ठोकायचे, की सोबती मानून त्याच्या हाती ते द्यायचे, यावर हा सारा खर्च कारणी लागणार की नाही ते ठरेल.

त्या कोकणातल्या घरी दोन दिवसांनी बाण पुन्हा दिसतो. जहाज पलीकडच्या किनाऱ्याच्या टप्प्यात आलेले असते. आई पदराला हात पुसून मोबाइल बघते आणि देवापुढे साखर ठेवते. त्याच गावच्या खालच्या आळीत, बंदराकडे, आणखी एक घर आहे. त्या घरचा माणूस काल पहाटे बोट घेऊन गेला आहे, आणि आभाळ भरून आले आहे. त्या घरातल्या बाईच्या मोबाइलवर बाण नाही. ती अधूनमधून दारात येऊन समुद्राकडे बघते, तिच्या आजेसासूने बघितले होते तसेच. आकाशातल्या इतक्या कानांपैकी एकाने तिच्या माणसाचीही हाक ऐकावी आणि ती तिच्या दारापर्यंत पोचवावी, एवढेच तिचे मागणे आहे.